पाणखोलचे पिवळे दिवे

डोळे मिटा बघू जरा. मिटलेत? आता अशी कल्पना करा, तुम्ही एका जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला आहात आणि काचेपलीकडे काहीच नाही. रस्ता नाही, झाडं नाहीत, आभाळ नाही. कुणीतरी पिंजलेला कापूस सगळ्या जगावर पसरून ठेवावा, तसं नुसतं पांढरं. जीप चालू आहे, पण ती पुढे सरकते आहे की जागच्या जागी घरघरते आहे, तेही कळत नाही. कुठून तरी पाण्याचा आवाज येतो. पाणी डावीकडे आहे की उजवीकडे, सांगता येत नाही.

असेच बसून राहा. त्या दिवशी त्या जीपमध्ये कोण कोण होतं, ते आता सांगते.

गाडी चालवत होते माझे बाबा, रवळू गावडे. मधे मी, भागीरथी, चौथीतली. माझ्या पलीकडे, दाराशी, मांडीवर कातडी बॅग घट्ट धरून बसलेले अत्तारसाहेब. गाड्यांची तपासणी करून त्यांना पास करणारे इन्स्पेक्टर. आणि मागच्या दोन बाकांच्या मधे, जिथे माणसं पाय ठेवतात तिथे, एक बिछाना घातलेला होता. खाली गवताची पेंढी, वर घोंगडी, घोंगडीवर जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं. बिछान्यावर कोणी नव्हतं. तो मी सकाळी उठल्या उठल्या घातला होता, माझ्या भावासाठी. त्याला मी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

आमचं पाणखोल गाव घाटाच्या अगदी माथ्यावर. गावातून खाली उतरलं की घाटाच्या पायथ्याशी नाका, आणि नाक्यापलीकडे दुसरं राज्य. तिथलं पहिलं गाव मुरडगी. आईचं माहेर तिथलं. बाळंतपणाला ती खाली गेली ती उन्हाळा सरताना, आणि आता गणपती तोंडावर आले होते. रोज रात्री झोपताना मी बाबांना एकच विचारायची, "आई कधी येणार?" आणि बाबांचं एकच उत्तर, "पासिंग झालं की."

कारण असं होतं बघा. आमच्या मार्गावरच्या जीपला दोन्हीकडून पास व्हावं लागे. वरच्या साहेबाचा शिक्का वेगळा, खालच्या साहेबाचा वेगळा. खालचा मिळाला होता, वरचा बाकी होता. आणि दोघांचे नियम एकमेकांकडे पाठ करून बसलेले! वर आमच्याकडे घाटात धुकं, म्हणून जीपच्या पुढे, बंपरच्या खाली, दोन पिवळे दिवे असलेच पाहिजेत. ते नसले तर गाडी नापास. धुराचं विचाराल, तर वरचे साहेब नळीमागे पांढरा रुमाल धरायचे आणि फार काळा नाही झाला की पुढे सरकायचे. खाली मुरडगीला धूर मोजायचं यंत्र होतं. तिथे धुराला माफी नाही. आणि कंपनीच्या दिव्यांशिवाय दुसरा एकही दिवा पुढे दिसला, तर नाक्यावरच पान्हा हातात देऊन काढायला लावायचे.

मग आमच्या स्टँडवरच्या लोकांनी काय करावं? जीपा चार. बाबांची, गुंडूमामाची, नागोजीकाकांची आणि लुमाण्णाची. चौघांत मिळून दिव्यांची जोडी एक! ज्या दिवशी साहेब तपासणीच्या कॅम्पला यायचे, त्या दिवशी ती जोडी टॉवेलातून बाहेर निघायची आणि या जीपवरून त्या जीपवर फिरायची. एरवी टॉवेलात गुंडाळून देवळाच्या माळ्यावर. "घाट आपल्या पायाखालचा हाय," असं सगळेच म्हणायचे. "दिवं कशाला लागत्यात? दिवं सायबाला लागत्यात."

त्या दिवशी कॅम्प शाळेच्या पटांगणात होता. साहेब नवे होते, सोलापूरकडून बदलून आलेले. उंच, सावळे, गळ्याला मफलर. धुक्यात उभे राहून ते सारखे चष्मा पुसत होते.

"हे असं रोजच असतं?" त्यांनी मला विचारलं. मी पटांगणात उगाच घुटमळत होते. म्हणजे त्यांना तसं वाटावं, एवढ्याचसाठी.

"श्रावणात रोज. हे तर पातळ आहे."

"पातळ!" साहेब हसले. "आमच्याकडे रस्त्यावर उभं राहिलं की पुढच्या गावचं झाड दिसतं. हे नियमात लिहिलेले पिवळे दिवे मी जन्मात कधी तपासले नव्हते. काय गं, पिवळेच का?"

हे मला आईनं सांगितलं होतं. मी घडाघडा बोलले. "मोठे दिवे उंच असतात. त्यांचा उजेड धुक्यावर आपटतो आणि माघारी आपल्याच डोळ्यांत येतो. हे खाली असतात, जमिनीजवळ. तिथं धुकं जरा विरळ असतं. रस्ता दिसतो."

खरं तर मोठी झाल्यावर मला कळलं की त्यात रंगाचा भाग थोडा आणि खाली असण्याचा भाग जास्त. पण साहेबांनी मान डोलावली. "शिकवणी घेतेस की काय? नाव काय तुझं?"

"भागीरथी रवळू गावडे. ही पहिली जीप आमचीच. आज आम्ही आईला आणायला जाणार आहोत. बाळाला पण."

बाबांनी लांबून डोळे वटारले. पण तोवर ते माझ्या तोंडून निसटलं होतं.

साहेब जीपपुढे उकिडवे बसले. उजव्या दिव्याच्या काचेला कडेला एक टवका होता, चिंचेच्या पानाएवढा. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "हा कसा पडला?"

"दगड उडाला साहेब," बाबा म्हणाले.

साहेबांनी ब्रेक बघितले, हॉर्न वाजवून घेतला, रुमाल धरला, कागदावर सही केली. "शिक्का सगळ्यांचा शेवटी. पुढची गाडी आणा."

पुढची गाडी देवळामागून येणार होती. त्याआधी आमची देवळामागे गेली. तिथे गुंडूमामा पान्हा घेऊन तयार! बंपरच्या मागे मोठ्यांचा हात जात नसे, माझा जात असे. मी उताणी पडून नट सोडवायचे, वायर उपटायचे आणि दिवे ओच्यात घेऊन दुसऱ्या जीपखाली सरकायचे.

"चल भागे, नवरदेव दुसऱ्या मांडवात न्यायचाय," गुंडूमामा कुजबुजला.

"मामा, एका दिवसात चार लग्नं?"

"गप गं. वऱ्हाड खोळंबलंय."

एकामागून एक जीपा गेल्या. प्रत्येकीसमोर साहेब उकिडवे बसले, प्रत्येक वेळी चष्मा पुसला, सही केली. शेवटी लुमाण्णाची. तो घाईत होता, तालुक्याच्या बाजाराला माणसं भरून न्यायची होती. सही होताच तो दिव्यांसकट भुर्रकन निघून गेला. कोणाला काही वाटलं नाही. सगळ्यांचं काम झालं होतं.

दुपारी तीनची एस.टी. साहेबांना खाली मुरडगीला नेणार होती. तिकडच्या साहेबांशी त्यांचं काही काम होतं. तीनचे साडेतीन झाले, धुकं दाट होत होत पटांगणातला ध्वजाचा खांब गिळून बसलं, आणि फाट्यावरून एकजण सांगत आला, "एस.टी. माघारी गेली. डायवर म्हणतोय, असल्या धुक्यात घाट उतरणार न्हाई."

साहेबांनी बॅग उचलली. "गावडे, तुम्ही जाणारच आहात ना खाली? तुमची लेक म्हणत होती. मला घ्या बरोबर. इथल्या ओलीत शाई पसरते, शिक्के मी खाली नाक्यावर टेबल मिळालं की मारतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. जीप उभी होती आणि तिच्या बंपरखाली दोन रिकामी भोकं होती. बाबा झटकन पुढे झाले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले, जणू पायांनी भोकं झाकता येतात.

"चला की साहेब," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तर आता तुम्ही पुन्हा त्या जीपमध्ये आहात.

पहिल्या वळणापर्यंत बाबांनी मान खिडकीबाहेर काढून गाडी नेली. घाटाच्या कडेला चुना लावलेले दगड होते, पण श्रावणातलं गवत त्यांच्या वर गेलं होतं आणि चुना पावसानं धुऊन नेला होता. बाबांनी मोठे दिवे लावले. आमच्यासमोर एकदम भिंत उभी राहिली, लख्ख पांढरी. मी डोळ्यांवर हात घेतला. बाबांनी दिवे विझवले. भिंत गेली. रस्ताही गेला.

जीप थांबली. इंजिन घरघरत राहिलं. दाराच्या फटीतून धुकं आत येत होतं. साहेबांच्या मफलरवर बारीक थेंबांची जाळी धरली होती.

"गावडे," साहेब हळूच म्हणाले, "पिवळे दिवे लावा की."

बाबांचा हात स्टिअरिंगवर होता तो तिथेच राहिला. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती.

"साहेब..."

"लावा ना. त्याच्यासाठीच तर असतात."

डावीकडे दरी होती. ती दिसत नव्हती, पण तिचा गार श्वास दारातून लागत होता. मागे वळून मी बिछान्याकडे बघितलं. दुपट्यावरसुद्धा धुकं उतरलं होतं, आणि एक क्षण मला वाटलं, तिथे कोणीतरी झोपलं आहे. पांढरं, लहानसं, मुठी आवळलेलं.

मी साहेबांचे गुडघे ओलांडून दार उघडलं आणि खाली उडी मारली.

"भागे! आत बस!"

"बाबा, मी वळणं सांगते. आईनं शिकवलीत. तुम्ही माझ्या मागनं या. मोठे दिवे नको, बारके लावा."

खताच्या पिशवीची खोळ माझ्या डोक्यावर होती, पांढरी. तीच बाबांना दिसणार होती. मी डोंगराकडच्या कडेला गेले आणि भिंतीवर तळवा ठेवला.

आई माहेरी जायची ती पुष्कळदा याच घाटानं चालत. मला पाठीशी बांधायची तेव्हापासून ती वळणांची नावं घेत चालायची. डोळ्यांनी नाही, हातांनी आणि कानांनी ओळखायची वळणं. मी तिच्यासारखंच मोठ्यानं म्हणू लागले.

"ओली भिंत!" तळव्याखाली शेवाळ लागलं, गार, मांजराच्या पाठीसारखं. मागून जीप रांगत आली.

"रांजण!" टप, टप असा खडकातल्या खळग्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज. "बाबा, हिथनं उजवीकडं!"

मग मागे दार वाजलं आणि बूट रस्त्यावर घसरल्याचा आवाज झाला. "या अल्ला," असं कोणीतरी पुटपुटलं. अत्तारसाहेब उतरले होते. बॅग छातीशी धरून ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा मोकळा हात धरला. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता.

"तुला भीती नाही वाटत?"

"दिसतच नाही, तर भीती कशाची?" मी म्हणाले. मग जरा वेळानं खरं सांगितलं, "थोडी वाटते."

"मला पुष्कळ वाटते," साहेब म्हणाले.

आम्ही चालत राहिलो. धुक्यात माणूस चालतो तेव्हा आपण पोचणार आहोत असं वाटतच नाही. असंच चालत राहायचं असतं असं वाटतं. एका जागी गवताचा वास आला, एका जागी कोणा गुराख्याच्या विझलेल्या जाळाचा. मधेच एक म्हैस आमच्यासमोर नुसतं डोकं घेऊन उभी राहिली, धड नाहीच, आणि साहेबांनी तिला "नमस्कार" म्हटलं. मला इतकं हसू आलं की मी भिंतीवरचा हात सोडून तोंडावर धरला.

"आसरांचं वळण!" इथे पाण्याच्या देवींचे शेंदूर लावलेले दगड होते. मी त्यांना हात लावला, साहेबांनीही लावला. इथून रस्ता एकदम डावीकडे पडतो. आई नेहमी म्हणायची, इथं बोलत जायचं नाही. आम्ही बोललो नाही. जीपचं एक चाक कडेच्या खडीवर गेलं, खडी सुटली, आणि ती खाली पडल्याचा आवाज कितीतरी वेळ आलाच नाही. बाबांनी गाडी मागे घेतली. परत पुढे आणली. साहेबांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

वळण संपल्यावर ते म्हणाले, "टवका मी चार वेळा बघितला."

मला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि माझे कान तापले.

"पहिल्या गाडीवर बघितला. दुसऱ्या गाडीवर बघितला. तिसऱ्या वेळी मी बोलणार होतो. मग म्हटलं, नवीन माणूस, कशाला? नियम कागदावरचा आहे, कागदावर पुरा झाला. आमच्या सोलापुरात कोणी एका दिव्यासाठी गाडी अडवली असती तर मी त्यालाच हसलो असतो." ते थांबले. "इथं हसायला येत नाही."

"मग खालचे साहेब काढायला का लावतात? ते चुकीचे आहेत?"

"नाही गं. खाली सरळ रस्ता, सायकलवाले, बैलगाड्या. समोरून चार-चार दिवे डोळ्यांत गेले तर सायकलवाला खड्ड्यात. ते त्यांच्या रस्त्याकडे बघून लिहितात, आपण आपल्या."

"आणि आम्ही?"



धुकं संपतं ते कसं, माहीत आहे? एखाद्या घरातून बाहेर पडावं तसं. एका पावलावर काही नव्हतं आणि पुढच्या पावलावर ऊन होतं. खाली भातखाचरं चमकत होती, मुरडगीची कौलं दिसत होती. मागे वळून बघितलं तर आमचा अख्खा घाट ढगात बुडालेला, आणि त्या ढगातून आमची जीप हळूहळू बाहेर येत होती, भिजलेल्या वासरासारखी.

नाक्यावर बसाप्पा हवालदार स्टुलावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी उठून जीपभोवती एक फेरी मारली, वाकून बंपरखाली बघितलं आणि खूश झाले.

"शाबास रवळू! पुढं काय बी लटकवलेलं न्हाई. आमच्या नियमात एकदम बरोबर गाडी हाय बघ तुझी. बाकीच्यांनी शिकावं!"

बाबांचा चेहरा कोणी चापट मारावी तसा झाला. साहेब हसायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसत राहिले.

"आज साहेब संगं हायत म्हणून सोडतो," बसाप्पा पुढे म्हणाले. "पण माघारी जाताना वरचा शिक्का दाखवायचा बरं का. त्याबिगर गाडी वर जायची न्हाई."

साहेब नाक्याच्या टेबलापाशी बसले. बॅगेतून कागद काढले, शिक्क्याची डबी उघडली. शाईचा वास आला, जांभळा. आमचा कागद सगळ्यांत वर होता.

"गावडे, तपासणीच्या वेळी गाडीवर दिवे होते. मी डोळ्यांनी बघितलेत, सही केली आहे. शिक्का मारला तर मला कोणी विचारणार नाही. नाही मारला, तर पुढच्या कॅम्पपर्यंत गाडी बंद. तोवर चौघांनी आपापले दिवे घ्यायचे. वर जाताना लावायचे, खाली नाक्यावर आलं की काढायचे. कटकट आहे. गणपतीचे दिवस आहेत, तुमच्या धंद्याचे. मला ठाऊक आहे." त्यांनी शिक्का हातात घेतला. "मारू?"

बाबा उन्हात उभे होते. त्यांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. त्यांनी घाटाकडे बघितलं, मग मुरडगीच्या कौलांकडे. तिथल्याच एका घरात आई गाठोडं बांधून सकाळपासून दारात बसली असणार.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "मला इचारू नका. भागीला इचारा. चालली ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बसाप्पांच्या हातातली शेंगसुद्धा तशीच राहिली.

मला आई हवी होती. रात्री कुशीत हवी होती, वेणी घालायला हवी होती. भाऊ हवा होता, आजच, आत्ता, आमच्या घरात. माझ्या तळव्याला अजून आसरांच्या दगडांचा शेंदूर होता.

मी जीपच्या मागच्या बाजूला गेले. फळी खाली पाडली, आत चढले आणि बाकांच्या मधला बिछाना उचलायला लागले. आज तो लागणार नव्हता. घोंगडीची घडी केली, बाकावर ठेवली. गवताची पेंढी नाक्यावर उभ्या एका बैलापुढे टाकली. मग ते ओलसर दुपटं झटकलं, खोळीखाली पोटाशी धरलं, आणि भावाच्या अंगावर घालायला कोरडं होईल का ते गालाला लावून बघत, मुरडगीच्या रस्त्यानं चालत निघाले.